सातव्या चौकटीतला उजेड

डॉ. दमयंती लिमये मेल्या त्या खोलीत ना धूर होता, ना रक्ताचा थेंब. आत नळी सोडलेल्या, बाहेरच्या नायट्रोजनच्या सिलिंडरचा नळ पूर्ण उघडा होता आणि दाराला बाहेरून कडी होती. त्या वायूला वास नाही, रंग नाही. त्याने खोलीतली हवा हटवली आणि बाई श्वास घेत घेतच गेल्या.

हे ऐकून आप्पा पुढे सरकून बसले. आप्पा निवृत्त मास्तर. खासगी तपास करणाऱ्या महिपत साळवीच्या सोबतीला असायचे, भरपूर बोलायचे आणि त्यातलं निम्मं चुकायचं.

समोर सुलेमान काझी बसले होते. उभा जन्म बोटीवर गेलेला हा माणूस आज मदत मागायला आला होता. नळावर ठसे बाईंकडे संशोधन करणाऱ्या त्यांच्या लेकीचे, इरमचे सापडले होते आणि उद्या पोलीस तिला नेणार होते.

"रोज तोच नळ उघडते ती, साहेब. तिचं कामच ते," ते म्हणाले.

भाट्ये गावच्या चढावर, आंब्याच्या बागेपलीकडे ते संशोधन केंद्र. खालच्या इमारतीत रसायनं, वरच्या इमारतीत सूक्ष्मदर्शक, मधे जांभ्याच्या पायऱ्यांची दहा मिनिटांची चढण. साल २००३.

झाडलोट करणाऱ्या सखूने सांगितलं, "खालच्या खोलीत चारला चाय दिली. पाचला कडी काढली तर बाई आडव्या." दोन दिवस बाई टेबलावर फोटो मांडून रागात बसलेल्या असायच्या, हेही तिनेच सांगितलं.

इरम चार ते पाच खालीच, दुसऱ्या खोलीत एकटी होती. साक्षीदार कुणी नाही. तिचं काम महिपतने तिच्याचकडून समजून घेतलं. काचेवर, पाण्याखाली, स्निग्ध रेणूंचा पापुद्रा धरायचा. त्यात चमकणारा रंग मिसळायचा. काचेवर धातूच्या रेघांच्या चौकटी असतात, रेघ ओलांडून रेणू जात नाहीत.

"तीव्र प्रकाशाने मधे ठिपका जाळला की तिथला रंग कायमचा विझतो, काका. पण पापुद्रा वाहता असेल तर शेजारचे रेणू सरकत येतात आणि ठिपका भरून निघतो."

बाईंचा दुसरा विद्यार्थी नितेश. पुढच्या महिन्यात जर्मनीला जाणार होता. तो चार ते पाच वर सूक्ष्मदर्शकापाशी होता. दर पाच मिनिटांनी हाताने कळ दाबून घेतलेली तेरा छायाचित्रं त्याने पुढे ठेवली. चारला सातव्या चौकटीत काळा ठिपका, मग हळूहळू भरत गेलेला, शेवटी सगळ्या चौकटी सारख्या लख्ख. प्रत्येकावर संगणकाने वेळ छापलेली.

"हा सुटला," बाहेर येताच आप्पा म्हणाले. "पाच मिनिटांत खाली जाऊन यायला काय पंख हवेत?" त्यांना इरमसाठी फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी महिपतने सगळ्यांना सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. फौजदारही आले.

"आप्पा, पंगतीतून चार माणसं उठली आणि बाकीची सरकून बसली तर?"

"रिकामी जागा दिसायची नाही."

"पण माणसं?"

"चार कमीच."

"बंद चौकटीतही तेच. ठिपका भरला तरी विझलेला रंग परत येत नाही, बाहेरून नवा येत नाही. म्हणजे भरलेली चौकट शेजारणींपेक्षा मंद दिसलीच पाहिजे. नितेशच्या शेवटच्या छायाचित्रात ती तितकीच लख्ख आहे. कारण ते शेवटचं नाही, पहिलं आहे. दुपारीच त्याने दहा मिनिटांत ठिपका हळूहळू जाळला, प्रत्येक वेळी संगणकाचं घड्याळ बदललं आणि क्रम उलटा लावला. चार ते पाच तो इथे नव्हताच."

फौजदारांनी छायाचित्रं इरमपुढे धरली. तोवर ती तिला कुणी दाखवलीच नव्हती. तिने एकदाच पाहिलं आणि महिपतच्या म्हणण्याला होकार दिला.

नितेश अगदी शांतपणे म्हणाला, "माझ्या प्रबंधातली छायाचित्रंही अशीच बनावट होती. मॅडमनी सकाळी हेच विचारलं, उजेड कमी का झाला नाही? मी म्हटलं, चार वाजता खालच्या खोलीत या, नमुनाच दाखवतो. नळ मी हातमोजे घालून उघडला, ठसे हिचेच राहिले. हे ओळखणारे डोळे दोघींचेच होते. एक मेली, दुसरी तुरुंगात गेली असती."

सुलेमान लेकीला जवळ घ्यायला पुढे झाले, पण इरम जागची हलली नाही.

"ठिपका जाळायला मीच शिकवलं याला, अब्बा," ती म्हणाली.