घड्याळजीचा कबुलीजबाब

घड्याळजीच्या थोरल्या बहिणीने चहाला हातही लावला नाही.

"माझा भाऊ खोटं बोलतोय," ती म्हणाली. "एचआयव्ही आहे हे ठाऊक असून बायकोपासून लपवलं, असा पोलिसांत जबाब देऊन कोठडीत बसलाय. जाणूनबुजून लागण केली म्हणजे सरळ तुरुंग. पण तपासणीचा निकाल आला तेव्हा मी शेजारीच होते. मटकन खाली बसला तो. त्याला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं."

"आणि त्याच्या बायकोला?" खासगी तपास करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"तिला त्याच्यानंतर कळलं. बाळाला काही नाही, एवढं नशीब. तिचेही नखरे कमी नाहीत. दूध इतकं की कपडे भिजायचे, पण लेकराला पहिल्या दिवसापासून डब्याचं पाजलं."

बाईंच्या हाताखाली काम करणारे त्यांचे यजमान, मास्तर, मनात म्हणाले, झालं, नणंदेचं रडगाणं सुरू.

पोलिसांतली तक्रार घड्याळजीच्या सासऱ्याची होती. तो त्याच्या लाकडाच्या वखारीत भेटला.

"पोरीचं वाटोळं केलं त्याने. मी पोलिसांत निघालो तर पोरगी माझ्या पाया पडली, जाऊ नका म्हणून. भोळी आहे."

"सासऱ्यानेच दमदाटी करून जबाब द्यायला लावला," बाहेर येताच मास्तर म्हणाले.

"तसं असतं तर त्याने ते आपल्याला मिरवून सांगितलं असतं."

घड्याळजीची बायको बाळाचे कपडे वाळत घालत होती. "मला त्यांच्यानंतरच कळलं," विचारण्याआधीच ती म्हणाली.

"बाळाला अंगावर का पाजलं नाहीस?"

"दूधच नव्हतं."

"नणंद म्हणते, कपडे भिजायचे."

तिचा हात दोरीवरच थांबला.

बाई शांतपणे बोलत राहिल्या. "दुधातूनही लागण होऊ शकते, हे तुला दवाखान्यात सांगितलं होतं. म्हणजे गरोदरपणीच तुझी तपासणी झाली. आधी तुला कळलं. वडिलांना अडवलंस, कारण चौकशी तुझ्यापर्यंत आली असती. ती येऊ नये म्हणून नवऱ्याने गुन्हा अंगावर घेतला."

"रोज ह्यांना सांगणार होते," ती म्हणाली. "घराबाहेर काढलं तर बाळाला घेऊन कुठे जाऊ? बाबांनी तक्रार केल्यावर मग ह्यांना सांगितलं. हे चिडलेसुद्धा नाहीत. चप्पल घातली आणि पोलिसांत गेले."

"म्हणजे हिनेच त्याला..." मास्तर म्हणाले.

"कोणाकडून कोणाला, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. कायदा विचारतो, आधी कोणाला ठाऊक होतं? हिने तपासणी करून बाळ वाचवलं, म्हणून ही गुन्हेगार. त्याच्याविरुद्ध मात्र त्याच्या जबाबाशिवाय काहीही नाही. त्याने तो फिरवला, वडिलांनी तक्रार मागे घेतली, की खटला उभाच राहत नाही. पण वडील कारण विचारणार."

तिने बाळ मास्तरांच्या मांडीवर दिलं आणि फोन उचलला.

"बाबा, मी सांगते ते ऐका. मध्ये बोलू नका."

घड्याळजी सुटला तेव्हा त्याला न्यायला सासराच गेला होता.

"गोळ्या वेळेवर घेत जा," सासरा म्हणाला. "दोघंही." आणि त्याने गाडीचं दार उघडून धरलं.