गिअरवरचा हात

मिस्त्रींच्या मते जगात आवाज दोनच प्रकारचे असतात: इंजिनाचा आणि बिनकामाचा. जावईबापूंच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये दुसऱ्या प्रकारचा आवाज होता, आणि तो गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येण्याआधीच मिस्त्रींनी ओळखला होता.

"गिअर खडखडतोय तुमचा," ते पान्हा पुसत म्हणाले.

"मामा, तुम्ही अजून बसला पण नाहीत गाडीत," जावईबापू म्हणाले. सासऱ्यांना ते मामाच म्हणत.

कंपनीचा भलाचंगा गिअर काढून जावईबापूंनी स्वतःच्या हाताने हा नवा, आखूड दांड्याचा, चकचकीत मुठीचा गिअर बसवला होता. तोही एका भंगारवाल्याकडून आणलेला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाने कधीच शेळीजवळ जाऊ नये, असं मिस्त्रींना वाटे, पण जावयाला कोण बोलणार? बोलायला सासूबाई समर्थ होत्या.

एरवी मिस्त्रींनी ही खडखड आठवडाभर खुंटीला टांगून ठेवली असती. पण मुलीचे दिवस भरले होते. उद्या सकाळी तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, दवाखाना घाटापलीकडे तिच्या घराजवळ होता, आणि आज संध्याकाळी ती याच गाडीतून घाट उतरणार होती. जीव खालीवर होत होता तो त्यामुळे. त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही, पण चहा दोनदा गार झाला तेव्हा सासूबाईंनी ओळखलं.

आवाज शोधायची मिस्त्रींची एक पद्धत होती. गॅरेजमागचा रस्ता रेल्वेच्या भरावाखालून एका लांबलचक बोगद्यात शिरे. तिथे दोन्ही भिंती आवाज परत फेकत, मोकळ्या रस्त्यावर लपणारी खडखड तिथे उघडी पडे. एकाने चालवायचं, दुसऱ्याने एकेका वस्तूवर नुसता तळवा ठेवायचा. ज्या वस्तूवर तळवा पडताच आवाज मरतो, ती चोर.

चारच्या उन्हात दोघे निघाले. मिस्त्री चालवत होते, जावईबापू शेजारी. बोगद्यात शिरताच ऊन मागे राहिलं. आत ओल्या दगडाचा आणि जुन्या धुराचा वास होता. पुढचे दिवे रस्त्यावर पडत होते, पण गाडीच्या आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना, कारण डॅशबोर्डचे दिवे निळे करण्याच्या नादात जावईबापूंनी तेही घालवले होते.

मिस्त्रींनी तिसरा गिअर टाकला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले. खडखड सुरू झाली. भिंतींनी ती उचलली, दुप्पट केली.

"ठेवा हात," मिस्त्री म्हणाले.

आवाज तत्काळ बंद झाला. इतका तत्काळ, की मिस्त्रींना कौतुक वाटलं. थरथर कितपत उरली आहे हे पाहायला त्यांनी आपलाही हात खाली नेला. जावयाचा हात मुठीवर होताच. गार पडला होता बिचारा. त्यांनी त्यावर आपला तळवा ठेवला, तेवढ्यात त्यांच्या हातावर वरून आणखी एक हात पडला.

"दोन्ही हात कशाला? एक पुरे."

बोगदा संपला, ऊन अंगावर आलं, आणि मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली. मुठीवर आता कुणाचाच हात नव्हता.

"मामा... दोन्ही कुठे? मी एकच ठेवला. डावा हात या वरच्या कडीला होता माझा."

"बरं. मग खालचा की वरचा?"

"वरचा. तुमच्या हातावर."

मिस्त्रींनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. जावईबापूंनीही त्याच तळव्याकडे पाहिलं.

"आणि माझ्या हाताखाली...?"

रस्त्यावरून एक सायकलवाला शीळ घालत गेला.

"हा भंगारवाला," मिस्त्री हळूच म्हणाले, "हा गिअर कुठल्या गाडीतून काढलाय, सांगितलं का त्याने?"

"त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"शाब्बास."

परतताना ते बोगद्यातून आले नाहीत. तीन मैलांचा वळसा घातला, आणि मुलीला यातलं अवाक्षर सांगायचं नाही असं ठरवलं. जावईबापू शब्दाला पक्के होते. आणखी एक गुण त्यांच्यात होता: ते काहीही फेकत नसत. जुना, कंपनीचा गिअर डिकीत फडक्यात गुंडाळलेला होता. मिस्त्रींनी तो तासाभरात बसवला. गाडी मांजरीसारखी चालू लागली.

"एवढ्यासाठी सगळी दुपार घालवलीत?" मुलगी पोट सांभाळत गाडीत बसताना म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याची कलाकुसर निस्तरत होतो, पोरी. सावकाश जा."

लाल गाडी वळणापलीकडे गेली. सासूबाई जिना चढून वर घरात गेल्या. इथेच मिस्त्रींनी तो आखूड गिअर उचलून विहिरीत टाकला असता, तर ते शहाणे ठरले असते. पण खडखडणारी वस्तू तशीच सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी त्याची बैठक बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळली आणि दांड्याखालचं झिजून भुगा झालेलं प्लास्टिकचं कडं, म्हणजे बुश, काढून नवा बसवला. मुठीला बोट लावून पाहिलं. आता आवाज नव्हता. खालची बैठक हलेना, वरचा दांडा मात्र लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. हात गार वगैरे काही लागला नाही. म्हातारपणी कल्पना फार सुचतात, असं स्वतःला सांगून ते हसले.

फोन वाजला. मुलगीच होती.

"बाबा, अजिबात आवाज नाही हं. घाट सुरू झाला आता. फोन मांडीवरच ठेवलाय, बोलत राहा, मला कंटाळा येतो."

मिस्त्रींनी फोन बाकावर उघडा ठेवला. इंजिनाचा सूर स्वच्छ ऐकू येत होता. इतक्यात व्हाइसमधला दांडा टिक करून चौथ्या गिअरच्या जागेवरून तिसऱ्याच्या जागेवर आला. मग फोनमध्ये इंजिनाचा सूर चढला.

मिस्त्री स्टुलावरून उठले. दांडा परत चौथ्यात गेला. क्षणभराने फोनमध्ये सूर उतरला. आधी दांडा, मग गाडी. त्यांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली होती, क्रमात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं.

दांडा आता सावकाश पहिल्याकडे झुकू लागला. फोनमध्ये इंजिन किंचाळलं.

"अहो, हळू," मुलगी म्हणाली.

"मी नाही टाकला... तो आपोआप..." जावईबापू ओरडले.

मिस्त्रींनी झडप घालून मूठ धरली. तळव्याखाली मूठ लागलीच नाही. गार बोटांच्या गाठी लागल्या. त्यांनी डोळे मिटले, सगळा जोर लावला आणि तो हात दांड्यासकट तिसऱ्याच्या जागेवर ढकलला. इंजिन शांत झालं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हात काढा गिअरवरून. मी धरलाय."



"बरं, मामा," जावईबापू म्हणाले.

"मी सांगेन तेव्हा फक्त क्लच दाबा. वळण आलं की बोला."

"वळण आलं."

"दाबा. हं. सोडा."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही फोनवरून गाडी चालवताय का?"

"तुझ्या नवऱ्याला शिकवतोय. लग्नाआधीच शिकवायला हवं होतं."

ती हसली. ते हसू ऐकून मिस्त्रींनी पकड आणखी घट्ट केली. सत्तावीस वळणं सासरा आणि जावई मिळून उतरले. इतकं एकमत त्यांच्यात आजवर कधी झालं नव्हतं. खालचा हात अधूनमधून जोर करून बघे. मिस्त्री म्हणत, "नाही, बाबा. आज नाही." खांदा भरून आला, बोटं बधिर झाली. खिडकीतलं ऊन बाकावरून समोरच्या भिंतीवर चढलं.

"पोहोचलो, बाबा," अखेर मुलगी म्हणाली. "घरात आले. गाडी बंद केली, किल्ली माझ्याकडे आहे. झोपते थोडी."

"झोप, पोरी. उद्या येतो आम्ही."

फोन बंद झाला. मिस्त्रींनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. आयुष्यातली ही सर्वांत चांगली दुरुस्ती, असं त्यांना वाटलं. सासूबाईंना सगळं सांगायचं आणि त्यांनी वेड्यात काढलं तर मनसोक्त भांडायचं, असं ठरवून त्यांनी हात उचलला.

तेव्हा खालचा हात सावकाश उलटा झाला, आणि त्याने मिस्त्रींची बोटं आपल्या बोटांत गुंफून घेतली.

"अहो, पोहोचली का ती?" जिन्यावरून सासूबाईंनी विचारलं.

"पोहोचली," मिस्त्री म्हणाले. "तू... तू खाली येऊ नकोस."