मेथी बसली तेव्हा

पूजाच्या हळदीचे गजरे नाशकातून आणायचं काम सुमेधाताईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. देवळाली कॅम्पातून निघून त्यांनी पंचवटीच्या फुलबाजारात गाडी थांबवली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली टोपली पुढच्या सीटवर ठेवली आणि म्हसरूळवरून दिंडोरीचा रस्ता धरला. मागची अख्खी सीट मेथीची होती. लग्नाला मेथी आलीच पाहिजे असा नवरीचा हट्टच होता.

पूजा नर्सिंग शिकताना सुमेधाताईंच्या घरी राहायची. ताई निवृत्त प्राध्यापिका, एकट्या. त्याच सुमारास त्यांनी ही लॅब्राडोर कुत्री घरी आणली. इमारती कोसळल्या, दरडी आल्या की ढिगाऱ्याखाली माणसं शोधणाऱ्या पथकातून म्हातारपणामुळे तिला निवृत्त केलेलं होतं. पथकातलं तिचं नाव काही वेगळंच होतं, पण मेथीदाण्यासारखा रंग बघून पूजानं तिला मेथी केलं आणि तीही त्या नावाला लगेच शेपूट हलवू लागली. पूजाची परीक्षा असली की ही रात्रभर तिच्या पायांशी, पूजाला ताप आला की हिचं जेवण बंद. दोघींचं गूळपीठ असं की ताईंनाच कधी कधी आपण पाहुण्या आहोत असं वाटे.

मेथीला सांभाळणारा जवान तिला सोडायला आला होता. जाताना त्यानं ताईंना एक गोष्ट सांगून ठेवली होती. "ही भुंकली तर धावा मॅडम, माणूस जिवंत आहे. गप बसली, तर घाई करू नका." मग तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "चुकत नाही ती."

देवळालीच्या बंगल्यात असला प्रसंग कुठला येणार. ताई ते विसरूनही गेल्या होत्या.

हळद झोकात झाली. द्राक्षबागेच्या मधोमध घर, अंगणात मांडव, आणि गावभरच्या बायका. पिवळ्या हातांनी पूजानं पहिल्यांदा मेथीच्याच नाकाला हळद लावली. तिचे आजोबा पुंजाबाबा खाटेवर बसून सगळं कौतुकानं बघत होते. वयोमानानं त्यांना विसर पडायचा. दर थोड्या वेळानं ते सुनेला, म्हणजे पूजाच्या आईला, विचारत, "चांगुणा, कुसा कुठं हाय गं?" कुसाबाई, त्यांची बायको, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण खरं सांगितलं की म्हातारा दर वेळी नव्यानं रडायचा. म्हणून घरात सगळ्यांनी एकच उत्तर ठरवलं होतं, आणि चांगुणानंही तेच दिलं, "शेतात गेल्यात, मामा. येतील."

बाबांचं समाधान होई. पण त्या दिवशी ते जरा रागावूनच म्हणाले की, पोरीची हळद आणि ही अजून शेतात?

दुसऱ्या दिवशी उजाडताना ताईंना जाग आली ती चांगुणाच्या हाकांनी. बाबांची खाट रिकामी होती. घोंगडी तिथंच, चपला तिथंच. आणि बाहेर असं धुकं, की ओट्यावर उभं राहून मांडवाचा खांब दिसेना. जानेवारीतली थंडी, शेजारच्या उसात बिबट्याचा वावर, आणि म्हातारा अनवाणी. पुरुष मंडळी उसाकडे आणि रस्त्याकडे पांगली, ट्रॅक्टरचे दिवे धुक्यात विरघळून गेले. पूजा बाहेर निघाली, तर हळद लागलेल्या नवरीनं वेस ओलांडायची नाही म्हणून बायकांनी तिला धरून ठेवलं. तेव्हा तिनं आजोबांची मफलर ताईंच्या हातात दिली. आजोबा आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, एवढंच म्हणाली आणि मेथीसमोर गुडघ्यांवर बसून तिच्या कानात काहीतरी पुटपुटली.

मेथीनं मफलर हुंगली. त्या म्हाताऱ्या कुत्रीची कंबर एकदम ताठ झाली, मान खाली गेली, आणि ती ताईंना ओढतच बागेत शिरली.

आत गेल्यावर मागचे आवाज बंद झाले. वेलींच्या ओळीमागून ओळी, सगळ्या सारख्या. पानांवरून दव ठिबकत होतं. फवारलेल्या गंधकाचा उग्र वास सगळीकडे कोंडून राहिलेला. त्या वासानंच मेथी गोंधळली असावी. ती थांबली, वळली, पुन्हा थांबली. गावातली कुत्री मागे बांधापाशीच घोळक्यानं थांबली होती. आत यायला एकही तयार नव्हतं. ती तिथंच नुसती कण्हत राहिली होती. ताईंनी उसाकडे गेलेल्या पूजाच्या काकांना हाक मारली. ती हाक जणू कापसात बुडाली.

मग गंधकाचा वास गेला. एकदमच गेला. त्याच्या जागी तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास आला. इथं, घरापासून इतक्या दूर...

ओळीच्या टोकाशी एक म्हातारी उभी होती. बागेत काम करणाऱ्या बायका घालतात तसा लुगड्यावर पुरुषाचा शर्ट, डोक्याला फडकं, हातात छाटणीची कात्री. मजूर बाई दिसली म्हणून ताईंना हायसं वाटलं.

"म्हाताऱ्याला हुडकती का, बाई?" तिनंच विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"हो. दिसले का कुठं?"

"इकडं नाय. पाटाच्या कडंनं जा. मोरीत बसलंय... मला हुडकाया निघालं व्हतं येडं."

ताईंनी मेथीचा पट्टा ओढला. मेथी हलली नाही. ती बसली होती. पुढचे दोन्ही पाय जुळवून, मान वर करून, थेट त्या बाईकडे बघत, तोंडातून हूं की चूं न करता.

दमली असेल बिचारी, असंच ताईंना आधी वाटलं. मग त्या जवानाचे शब्द आठवले, आणि त्यांनी त्या बाईकडे पुन्हा नीट पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या श्वासाची वाफ होत होती. मेथीच्या नाकातून वाफ निघत होती. ती बाई मात्र बोलत होती आणि तिच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती. दवानं सगळी बाग निथळत असताना तिच्या अंगावरचा शर्ट कोरडा ठणठणीत होता.

"गुणाची हाय," म्हातारी म्हणाली. "गावातली समदी मला बघून वरडत्यात. ही नाय वरडली..." तिनं हात पुढे केला. मेथीचे कान मागे दबले, डोळे मिटले, आणि शेपटी ओल्या मातीवर हलकेच हलली. आवडत्या माणसानं थोपटल्यावर हलते तशी.

"जा आता," म्हातारी म्हणाली. "पोरीचं लगीन हाय."

ताई निघाल्या. मागे बघायचं नाही एवढंच त्यांना कळत होतं. पाटाची कड लागली तसा मेथीचा पट्टा पुन्हा ताणला. ती धावू लागली, त्या दुखऱ्या कमरेनिशी, आणि रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी जाऊन भुंकली. एकदा नव्हे, सारखी, छाती फुटेल अशी. देवळालीत ताईंनी तिचं भुंकणं क्वचितच ऐकलं होतं. असं तर कधीच नाही. त्या मोठ्यानं रडल्या आणि मोठ्यानंच हसल्या, आणि त्या आवाजाच्या रोखानं धुक्यातून माणसं धावत आली.

पुंजाबाबा आत अंग चोरून बसले होते. पाय मुरगळलेला, ओठ निळे, पण जागे. मेथीनं आत शिरून त्यांच्या छातीवर आपलं ऊबदार अंग टाकलं. ताईंचा हात धरून बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "झोपू देत नव्हती मला. कुत्रीवाली बाई येतीय, तवर डोळा लावायचा नाय म्हणली. लय बोलती ती."

त्या थंडीत डोळा लागला असता तर म्हातारा हाती लागला नसता, असं नंतर डॉक्टरांनीही सांगितलं.

लग्न मग ठरल्या मुहूर्तावर लागलं, आणि काय लागलं! पाय बांधून खुर्चीत बसवलेल्या पुंजाबाबांनी अक्षता टाकता टाकता निम्म्या मेथीवरच टाकल्या. वाजंत्रीवाल्यांनी तिच्यासाठी वेगळा ताल धरला. नवरदेवाच्या मित्रांनी तिला फेटा बांधला आणि तिनं तो बुंदीच्या पातेल्यात पाडला, तरी कोणी रागावलं नाही. पूजा मंगळाष्टकं संपताच शालूसकट खाली बसली आणि मेथीच्या गळ्यात पडली. कोणालाच डोळे पुसायला सवड नव्हती, इतके सगळे हसत होते.

जेवणं उरकत आल्यावर ताईंनी चांगुणाला बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, सकाळी बागेत कामाला कोण बाई होती? चांगुणा म्हणाली, कोणीच नव्हतं, लग्नासाठी मजुरांना सुट्टी दिलेली. मग ताईंनी पाहिलं तेवढं सांगितलं. चांगुणाच्या हातातला वाढायचा डाव तसाच राहिला. तिनं बागेकडे पाहिलं.

"आम्ही रोज सांगायचो ना त्यांना... शेतात गेल्यात म्हणून," ती म्हणाली. "खोटं नव्हतं म्हणायचं मग." आणि पदर डोक्यावर घेऊन तिनं बागेच्या दिशेनं नमस्कार केला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माहेरचं माणूस भेटल्यासारखं काहीतरी होतं.

उन्हं कलायच्या आत ताई परत निघाल्या. चांगुणानं डबे भरून दिले होते, मन भरलेलं होतं, गाडीत मेथीच्या अंगाला लागलेल्या हळदीचा आणि बुंदीचा वास होता. दिंडोरी मागे पडलं, तेव्हा त्यांनी वळून मेथीकडे पाहिलं. मेथी कधीच कोणाला मागच्या सीटवर जागा देत नसे. खुद्द पूजालाही पुढे बसावं लागे. आता ती एका कोपऱ्यात, दाराला अंग चिकटवून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. उरलेली सीट तिनं मोकळी सोडली होती. मान जरा तिरकी होती, डोळे सुखानं मिटलेले, आणि कानामागचे केस हळूहळू दबत होते, उठत होते, दबत होते.

ताईंनी आरशाची काच वर छताकडे वळवून टाकली.  मग नाशिकरोडच्या पुलावर त्यांनी घसा साफ केला आणि थंडी वाजत असेल तर काच वर करते, असं म्हणाल्या. मेथीला म्हणाल्या, की आणखी कोणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी पोहोचल्यावर त्यांनी मागचं दार उघडलं. मेथी उडी मारून उतरली, फाटकाशी गेली आणि मागे वळून थांबली. शेपूट हलवत, वाट बघत.

ताईंनी दार लगेच लावलं नाही. म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागतो, तेवढा वेळ त्यांनी ते उघडं धरून ठेवलं.