कोड आला का?

"कोण बोलतंय?"

"मी कोण ते सोडा. तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आलाय. आकडे सांगा."

"नाही सांगणार."

"का?"

"अनोळखी माणसाला कोड सांगायचा नसतो. बँकवाले रोज मेसेज करून बजावतात."

"अहो, मी बँकेतून नाही बोलत—"

"सगळे चोर असंच म्हणतात."

मी फोन आपटला नाही. तो कंपनीचा होता, आणि कंपनीची वस्तू फुटली की कुणी फोडली हे आमच्या मालकाला वासावरून कळतं.

आमची कंपनी चादरी धुते. दुसऱ्यांच्या. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या. ज्यांच्यावर लोक झोपले, कण्हले, भांडून एकमेकांकडे पाठ करून पडून राहिले, त्या चादरी गाड्या भरभरून येतात आणि पांढऱ्या होऊन परत जातात. कारखाने दोन. टेकडावरचा तो वरचा, नदीपलीकडचा तो खालचा. मी वरच्या कारखान्यात, काचेच्या खोलीत हिशेब बघते. वाफेनं काच सतत धुरकट. बाहेरून मी कुणाला दिसत नाही. तशीही दिसत नव्हतेच.

मालकाला कुठल्याशा लग्नात कुणीतरी मोबाईलवर आपल्या धंद्याचे रंगीत चार्ट दाखवले. झालं! दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीमागे येऊन उभा. "आकडे आता वाचायचे नाहीत, बघायचे. खातं उघड."

खातं उघडताना ते चार्ट काढणारं सॉफ्टवेअर प्रश्न फार विचारतं. किती माणसं वापरणार? "एकच घाल," मालक म्हणाला. दोन कारखाने, दोघांनी आकडे भरायचे, आणि खातं एकाचं. कोड कुठल्या फोनवर पाठवायचा? मालकाला स्वतःच्या फोनची कटकट नको होती. खालच्या कारखान्यात गाड्या सोडणारा माणूस नेमका तेव्हा सही घ्यायला आला होता, त्याचा नंबर घातला. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलंही नाही. शेवटचा प्रश्न — कंपनीत तुमची भूमिका काय? तोवर मालक चहाला गेला होता. समोर यादी होती. मी चिडून 'निर्णय घेणारी व्यक्ती' यावर बोट दाबलं. इतकी वर्षं इथे पंख्याचं बटण सोडून मी कशाचाच निर्णय घेतला नव्हता.

तर तो माणूस. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला.

"मालकांना विचारलं. तुम्ही चोर नाही म्हणे."

"उपकार झाले. कोड सांगा."

"तो मेला हो. एक मिनिट जगतो बिचारा. परत मागवा."

मी परत मागवला. त्यानं आकडे सांगितले. मग म्हणाला, "आणि मॅडम—"

"मॅडम म्हणू नका. मॅडम म्हणतात आणि पगार मदतनिसाचा देतात."

"मग काय म्हणू? इतकी घाई असते तुम्हाला... घाईबाई?"

मी फोन ठेवला. काचेत माझं तोंड दिसलं. हसत होतं मेलं.

त्या खात्यात एका वेळी एकच माणूस बसू शकतो. दुसरा शिरला की पहिला बाहेर, आणि परत आत यायचं तर कोड हवा. म्हणजे रोज सकाळी मी त्याला फोन करायचा. आणि दुपारी तो गाड्यांच्या फेऱ्या भरायला शिरला की माझा अर्धा झालेला चार्ट डोळ्यांदेखत गायब.

"कोडवाले, तुम्ही मला ढकलून आत शिरलात."

"दार अरुंद आहे, घाईबाई. मी तरी काय करू?"

"जरा थांबता येत नाही?"

"थांबलो होतो की. आत आल्यावर तुम्ही काय काय केलंत त्याची नोंद बघितली. एका पट्टीचा रंग चार वेळा बदललात."

"...तुम्हाला दिसतं ते?"

"बदललेलं दिसतं. शेवटी निळा ठेवलात. छान आहे निळा."

अहो, चार्टबद्दल बोलत होता तो. तरी मी माझ्या निळ्या ओढणीकडे बघितलं.

पुढे पुढे तो आकडे सलग सांगेना. मधे काहीतरी घुसडायचा.

"पहिला सात... हवा कशी आहे वर?"

"कोड!"

"तीन. जेवलात का?"

"सकाळ आहे ही. पुढचा!"

"पुढचा सांगितला की तुम्ही फोन ठेवणार."

"...नाही ठेवणार."

"नक्की? मग नऊ."

आणि कोड मरायचा. मग परत मागवायचा. मालकाला वाटायचं, सॉफ्टवेअर हळू आहे.

मग महिना संपला आणि मालक म्हणाला, "चादरी कुठे जास्त फाटतात ते दाखव. वर की खाली?"

मी दोन पट्ट्या काढल्या. खालच्या कारखान्याची पट्टी उंच होती, ताडासारखी. सॉफ्टवेअरनं तिला साधा राखाडी रंग दिला होता. लाल मी केला. सरळ सांगते — मालकाची नजर बसावी आणि एकदा तरी त्यानं शाबास म्हणावं म्हणून केला. तो म्हणालाही. त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आकडे एका दमात सांगितले आणि फोन ठेवला. घाईबाई नाही, हवा नाही, जेवण नाही. तिसऱ्या दिवशी फोन उचलला नाही, नुसता मेसेज. सहा आकडे. माणसाशी नाही, यंत्राशी बोलावं तसे.

मीच परत फोन लावला. "झालंय काय तुम्हाला?"

"ती लाल पट्टी तुम्ही काढलीत?"

"हो. आकडे खरे आहेत."

"खरे आहेत. मीही तपासले." मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "घडीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बायकांना मालकांनी या महिनाअखेर काम सोडायला सांगितलंय. हात कापतात, चादरी फाडतात म्हणे. त्यातली एक माझी मावशी आहे. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला."

"मला... मला माहीत नव्हतं."

"चार्टला कुठे काय माहीत असतं," तो म्हणाला, आणि ठेवला.

त्या दिवशी जेवताना मी ताटात नुसता हात फिरवत बसले. वहिनी बघत होती. माझी वहिनी बोलायला लागली की भाऊ उठून बाल्कनीत जातो.

"जेवणावर कुणाचा राग काढतेस?"

"कुणाचा नाही. आकडे खरे होते, वहिनी."

"मग डोळे कशाला पुसतेस? आकड्यांसाठी रडणारी पहिलीच बघते मी." तिनं माझ्या ताटात भात वाढला. "कोडवाला का?"

"तुला कसं कळलं?"

"अगं, रोज अंघोळ करताना सात-तीन-नऊ करतेस. लॉटरी लागली असती तर सांगितलं असतंस."

दुसऱ्या दिवशी मी रजा मागितली नाही, विचारलंही नाही. रिकामी गोणपाटं घेऊन खाली जाणाऱ्या गाडीत चढले आणि नदी ओलांडली.

खालच्या कारखान्यात वाफ आमच्यापेक्षा दाट. दारात पाय टाकला आणि चष्मा पार धुरकटला. समोर नुसते पांढरे गठ्ठे आणि हलणाऱ्या सावल्या. मी तशीच उभी राहिले, आंधळी, तावातावानं बोलायचं पाठ करून आलेली. तेवढ्यात कुणीतरी हातात मऊ, गरम, नुकत्या इस्त्री केलेल्या कापडाचं टोक दिलं.

"पुसा. नाहीतर चुकीच्या माणसावर ओरडाल."

तो आवाज! फोनमध्ये तो लांबून यायचा. इथे कानाशी आला आणि मानेवर शहारा उठला. मी चष्मा पुसला. मुद्दाम हळू पुसला. मग लावला. उंच नव्हता, देखणा म्हणावा असाही नाही. कपाळावर घाम, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. डोळे मात्र... रात्रभर झोप नसलेले. माझ्यासारखेच.

"ओरडायला नाही आले," मी म्हणाले.

"मग?"

"बघायला आलेय. मला आधी यायला हवं होतं."

तो बाजूला झाला आणि वाट दाखवली.

घडीच्या टेबलाशी चौघी उभ्या होत्या. त्यातली एक ठेंगणी, पदर खोचलेली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तूच का ती लाल रंगवाली?"

"हो, मावशी."

"दिसतेस तर बरी. ये, हात लाव." तिनं एक नवी गोणी सोडली. दवाखान्याची. अजून धुतलीही नव्हती. चादर पसरली — कोपऱ्यात हातभर चीर. दुसरी पसरली, तशीच. "खाटेची लोखंडी खीळ असते, तिथंच फाटते. आम्ही कशाला फाडतोय? तुमच्याकडे वर हॉटेलांच्या मऊ गाद्यांवरच्या चादरी येतात, लाडावलेल्या. आमच्याकडे येतात त्या आजारीच." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "हात कापतात, हे खरं आहे पोरी. पण कापऱ्या हातानं चादर फाटत नाही गं. त्याला जोर लागतो."

मला भडभडून आलं आणि रागही आला. मालकाचा आलाच, पण जास्त माझा. मी कोडवाल्याकडे वळले. "या चिरा उचलतानाच दिसतात ना? गाडीवाले लिहितात कुठे?"

"लिहितात. रोज. मी भरतो आपल्या खात्यात. त्या पानाकडे कुणी बघत नाही."

"मी बघितलं नाही," मी म्हणाले.

त्याच्या खोलीत संगणक एक, खुर्ची एक. मला बसवलं, तो मागे उभा. सवयीनं मी म्हणाले, "कोड?" त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो माझ्यासमोर धरला, आणि पहिल्यांदाच आकडे मी स्वतः वाचले. किती साधी गोष्ट! तरी बोटं चुकली.

"घाई नाहीये," तो हळूच म्हणाला.

त्या दिवशी कुणी कुणाला बाहेर ढकललं नाही. दार अरुंद नव्हतंच मुळी. आम्ही दोन बाजूंनी ढकलत होतो. त्याच्या फेऱ्या आणि माझे हिशेब शेजारी ठेवले आणि पट्ट्या नव्यानं काढल्या — फाटून आलेल्या चादरी वेगळ्या, आपल्याकडे फाटलेल्या वेगळ्या. खालच्या कारखान्याची ताडासारखी पट्टी जवळजवळ सगळी 'फाटून आलेल्या'त गेली. खाली उरला नखाएवढा तुकडा. आणि वरचा कारखाना? माझा? तिथे आपल्याच हातानं फाटलेल्यांची पट्टी चांगली जाड निघाली. आमच्या इस्त्रीच्या यंत्राचा जुना रूळ. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

त्यानं पडद्यावर त्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही... अशी दाखवाल? तुमच्याच कारखान्याची?"

मी रंगांच्या चौकटीत गेले आणि ती पट्टी लाल केली.

मालकानं ती बघितली तेव्हा मी समोर उभी होते.

"ही वरची लाल का?"

"आपला रूळ चादरी खातो म्हणून. काढायचंच असेल तर त्याला काढा. मावशींना नको."

"काढायचं कुणाला हा निर्णय तू कधीपासून घ्यायला लागलीस?"

"खातं उघडलं तेव्हापासून. लिहिलंय तिथे."

मालकानं बराच वेळ पडद्याकडे बघितलं. माणसाचं ऐकलं नसतं त्यानं. पट्टीचं ऐकलं. रूळ बदलला. चौघी टेबलावर राहिल्या. आणि जाता जाता, मोठं मन दाखवल्यासारखा म्हणाला, "दोघं एकाच खात्याला लोंबकळू नका. तुझं वेगळं खातं उघड. त्या पोराला रोजचा त्रास नको."

मी त्याला फोन करून सांगितलं. वाटलं, काहीतरी म्हणेल.

"अरे वा," तो म्हणाला. "बरं झालं. तुमची कटकट गेली."

"हो ना," मी म्हणाले. "बरंच झालं."

मग फोन कुणी ठेवेना. शेवटी मीच ठेवला, आणि समोरच्या कागदावर पेन इतकं दाबलं की निब वाकली.

सकाळी नवीन खातं उघडायला बसले. तेच प्रश्न. किती माणसं? कंपनीत तुमची भूमिका? मी यादीकडे बघितलं आणि तेच उत्तर दाबलं. या वेळी चिडून नाही.

मग — कोड कुठल्या फोनवर पाठवायचा?

माझा फोन शेजारीच पडला होता. स्वतःचा नंबर घालायचा, कोड यायचा, आत जायचं. कुणाला फोन नको, कुणाची वाट नको. काचेवर वाफ जमली होती. बाहेरून मी कुणाला दिसत नव्हते.

मी नंबर घातला. पाठ होता मला. पाठवा दाबलं आणि हात मांडीखाली दाबून बसले.

फोन वाजला.

"घाईबाई? अहो, तुमच्या नव्या खात्याचा कोड माझ्याकडे आलाय. चुकून माझा नंबर पडला वाटतं."

"चुकून नाही पडला."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न. कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो ओ देत नव्हता.

"म्हणजे... रोज सकाळी—"

"रोज सकाळी. चालणार असेल तर सांगा. नसेल तर तसं सांगा, मी माझा नंबर घालते. पण लवकर. मला घाई आहे."

"कसली?"

"कोड मरतोय!"

"मरू दे त्याला," तो म्हणाला. आवाज इतका जवळ, जणू पुन्हा ते गरम कापड हातात दिलं. "तुला परत मागवता येतो की."

तुला म्हणाला. माझ्या लक्षात आलं, त्याच्याही आलं असावं.

मी बाहीनं काचेवरची वाफ पुसली. पुसायला एवढंसंच लागतं, हे मला आजवर सुचलं नव्हतं. नदीपलीकडे खालच्या कारखान्याचं धुराडं स्वच्छ दिसत होतं.

"ऐकतोयस ना?" मी म्हणाले. "परत मागवतेय. आणि या वेळी सावकाश सांग."