दोन शेळ्या मावतील एवढी गाडी

शपथ घेऊन सांगते! माझ्या उरलेल्या तीन दातांची शपथ! त्यातला एक तर रोज हलतो, म्हणजे शपथ किती जोखमीची ते बघा. यातला एकेक शब्द खरा आहे. मागच्या खेपेला मी मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडल्याचं सांगितलं, ते सोडा. ती गंमत होती. ही गंमत नाही.

तेव्हा मी वीस वर्षांची होते, आणि दिसायला... आता स्वतःच्या तोंडानं काय सांगू! माझ्याकडे बघता बघता दोन सायकलवाले एकमेकांवर आदळले होते. हसताय कशाला? दोघांची पुढची चाकं वाकडी झाली होती.

त्या वर्षी आमची ताई गेली. आठ दिवसांचा ताप, बस. मागे राहिली तिची दीड वर्षाची मुलगी. हातपाय इतके बारीक की आम्ही तिला काडीच म्हणायचो. तिचा बाप जहाजावर कामाला होता, तो तिकडचाच झाला. घरात उरलो तिघं – मी, काडी आणि बाबा. बाबा म्हणजे... खिडकीशी बसलेले असायचे. ताई गेली त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. ताट पुढे केलं तर जेवायचे. नाही केलं तर नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी काडीला काट्यावर बसवलं आणि मान हलवली. "हिच्या अंगावर मांस चढायला हवं असेल तर घरचं ताजं दूध द्या, उकळून. त्या दूधवाल्याचं बंद करा." आमचा दूधवाला देवमाणूस होता, पण त्याचं दूध पेल्यात ओतलं की पेल्याचा तळ दिसायचा.

म्हणून मी एक दिवस काडीला शेजारच्या शिलाईकाकूंकडे ठेवलं आणि जनावरांच्या बाजारात गेले. डोक्यात एकच प्रश्न – शेळ्या घ्यायच्या, की गाय?

एका बाजूला दोन काळ्या शेळ्या, दुसऱ्या बाजूला तांबडी गाय, आणि मी मध्ये उभी. इतक्यात मागून आवाज आला, "हलू नका."

मी मान न वळवता विचारलं, "का? साप आहे?"

"नाही. शेळी आहे. तुमची शाल खातेय. पाव झालीय, पाऊण शिल्लक आहे."

मी वळले. बाह्या दुमडलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खांद्याला चामड्याची पिशवी. औषधाचा आणि वाळल्या गवताचा मिसळून वास येत होता त्याला. मी शाल ओढायला लागले, तशी शेळीही ओढायला लागली.

"ओढायचं नाही," तो म्हणाला. "जबड्याच्या कोपऱ्यात बोट घालायचं. असं... आपोआप तोंड उघडतं."

"माणसांनाही चालतो हा उपाय?"

"तोंड उघडायला?"

"नाही, बंद करायला."

तो हसला. काय सांगू पोरींनो... हसताना त्याचा चष्मा पडला, आणि शेळीनं तो तोंडात धरला. पुन्हा बोट, पुन्हा कोपरा. तोवर मला कळलं होतं की हा जनावरांचा डॉक्टर आहे, आणि त्याला कळलं होतं की मला जनावरांतलं ओ की ठो कळत नाही.

"घरात माणसं किती?" त्यानं विचारलं.

"अडीच."

"मग दोन शेळ्या घ्या. तीन लिटर दूध देतील, तुम्हाला पुरून उरेल. एक आटली तर दुसरी असते. झाडपाला, कुंपण, शाली, काहीही खातात. गाय घेतली तर आठ-दहा लिटर दूध येईल, ते घालाल कुणाला? आणि तिला भारे भारे गवत, बादल्या बादल्या पाणी, शेणाचा ढीग. शेळ्याच घ्या."

"एकच शेळी घेतली तर?"

"एकटी राहत नाही ती. दिवसभर रडते. दोघी हव्यात." हे बोलून तो उगाचच पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करायला लागला. मग पुन्हा, "खरंच, शेळ्या घ्या." आणि निघता निघता तिसऱ्यांदा, "ऐका माझं. शेळ्या!"

मी विचारलं, अगदी सहज हं, "शेळ्यांना डॉक्टर किती वेळा लागतो?"

"फारसा नाहीच. वर्षातून एक-दोनदा जंताचं औषध दिलं की झालं."

"आणि गाईला?"

"गाईचं काय... कास बघायला, खुरं बघायला, महिन्यातून एकदा तरी यावं लागतं."

संध्याकाळी मी तांबडी गाय घेऊन घरी आले.

ती गाय एवढी मोठी होती की तिची शिंगं आत घ्यायला आमच्या फाटकाची कमान काढावी लागली! बरं, कमान नव्हती. पण असती तर काढावी लागली असती. चालणं असं ठसक्यात, की शिलाईकाकू बघताक्षणी म्हणाल्या, "या बाईसाहेब!" तेच नाव पडलं. त्या माझ्याकडे बघत पुढे म्हणाल्या, "अगं, तिघांच्या घराला एवढी गाय? दुधात पोहायचंय का तुला?"

"काडीसाठी," मी म्हणाले.

"आणि गाल कुणासाठी लाल झालेत?"

डॉक्टर महिन्यानं आला. मग पंधरा दिवसांनी आला. मग आठवड्यानं यायला लागला. बाईसाहेबांची तब्येत ठणठणीत होती, पण तो अशा काळजीनं बघायचा की जणू तिचा शेवट जवळ आलाय. आल्याबरोबर पिशवीतून एक काळी वाटी काढायचा. चारही सडांतून दोन-दोन धारा त्या वाटीत घ्यायचा आणि उजेडात धरायचा. काळ्यावर पांढरं नीट दिसतं – गाठी दिसल्या तर कास दुखतेय असं समजायचं.

"दिसतात का गाठी?" मी विचारायचे.

"नाही. पण पुढच्या आठवड्यात दिसतील की काय, अशी शंका येतेय."

"तुमच्या शंकेला काही औषध?"

"आहे. पण ते औषध... शिलाईकाकू कुंपणावरून बघतायत."

तो घोंगडीवर बसून गरम दूध प्यायचा आणि ओठावर सायीची मिशी तशीच ठेवायचा, मी 'पुसा' म्हणावं म्हणून. मी म्हणायचे नाही. काडी म्हणायची. काडी आता काडी राहिली नव्हती, मांडीला वळ्या पडायला लागल्या होत्या. ती त्याच्या गुडघ्यावर चढून इवल्याशा तळव्यानं ती मिशी पुसायची, आणि तो काडीकडे न बघता माझ्याकडे बघायचा...

एकदा मी त्याला विचारलं, "घरी कोण कोण?"

"आई. दोन धाकट्या बहिणी, शिकतायत. माझ्या पगारावरच सगळं." मग जरा थांबून म्हणाला, "पण वाटतं कधी कधी, नोकरी सोडून द्यावी. इथंच राहावं, दारोदार दूध घालत फिरावं. तुम्ही हो म्हणा, उद्याच राजीनामा देतो."

हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. हा माणूस खरंच देईल, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि बाबा... थंडीतली एक सकाळ होती. बादलीतल्या दुधाची वाफ निघत होती. मी गवत आणायला मागे गेले होते. परत येतेय तर गोठ्यातून आवाज. दहा महिन्यांत न ऐकलेला आवाज. बाबा बाईसाहेबांच्या पोटावर थाप मारून म्हणत होते, "सरक जरा... सरक गं."

मी भारा छातीशी धरून भिंतीआड उभी राहिले. बाबा तिच्याशी बोलत होते. हवेबद्दल. गवत ओलं आहे त्याबद्दल. मग हळूच, ताईबद्दल – लहानपणी ती बादलीत पाय घालून बसायची म्हणून. मी आत गेले तशी ते गप्प झाले.

असं रोज व्हायला लागलं. गाईशी बोलायचे. माझ्याशी अजून नाही. मी वाट बघत होते.

दीड वर्षानं डॉक्टर एका दुपारी आला, तो पिशवी न उघडता दारात उभा राहिला.

"बदली झाली," म्हणाला. "वरच्या पठारावर. दोन दिवसांचा रस्ता आहे."

मी धार काढत होते. हात थांबला नाही माझा. थांबवलाच नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाजारात आपण भेटलो तेव्हाच माहीत होतं, वर्ष-दीड वर्षानं तिकडं जावं लागणार. तिथं नुसते दगड आणि काटेरी झुडपं. शेळी जगते तिथं, गाय नाही जगत. म्हणून... म्हणून तीनदा म्हणालो ना, शेळ्या घ्या? पहिल्यांदा डॉक्टर म्हणून म्हणालो. नंतरच्या दोन वेळा..." तो पुन्हा पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करायला लागला. "त्या संध्याकाळी घरी जाऊन गाडीची मागची बाजू मापली मी. दोन शेळ्या आरामात मावतात. तू, काडी आणि बाबा पुढे."

तू. पहिल्यांदाच तू म्हणाला.

"आणि मी गाय का घेतली, माहितेय?" मी विचारलं.

"का?"

"गाईला दर महिन्याला डॉक्टर लागतो म्हणून."

त्यानं चष्मा वर सारला. मग हसायला लागला. मीही हसले. दोघं इतके हसलो की बाईसाहेबांनी मान वळवून बघितलं. मग आधी तो थांबला, मग मी थांबले, आणि बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज तेवढा राहिला.

"चल ना," तो म्हणाला. "हिला शिलाईकाकूंकडे देऊ."

मी कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं. त्याच्याकडे बघून बोलणं जमलंच नसतं. "नाही जमायचं. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला ही पान्हाच सोडत नाही. कास दगडासारखी होईल, मरेल ती."

त्यानं गाईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग खिडकीशी बसलेल्या बाबांकडे बघितलं.

"हो," तो हळूच म्हणाला. "असतात अशा काही गाई."

जाताना काळी वाटी गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली त्यानं. "राहू दे इथं," म्हणाला. काडी त्याच्या पायाला मिठी मारून बसली होती. तिचे हात त्यानं एकेक बोट करून सोडवले... अगदी हलक्या हातानं. मग गाडी गेली. मागची बाजू रिकामीच होती.

त्याचं लग्न झालं पुढे, असं ऐकलं. चांगलं झालं. बहिणी शिकल्या त्याच्या. माझं नाही झालं, म्हणजे मीच होऊ दिलं नाही. लग्न न करता आजी झालेली बाई बघायची असेल तर बघून घ्या – ती समोर बसलीय! काडी म्हणजे तुमची आई. होय, तीच. आता एवढी धिप्पाड आहे, तिला काडी म्हणून बघा एकदा, मग मी तुम्हाला वाचवायला येणार नाही.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी, दूध चुलीवर होतं आणि मी कोनाड्याकडे बघत बसले होते. मागून बाबा म्हणाले, "अगं, दूध उतू जातंय."

एवढंच. पण माझ्याशी.

तर अशी ही गोष्ट. सगळी खरी. फक्त... हा दात फारच हलायला लागलाय, म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट मी बनवली होती. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. बाईसाहेब कुणाच्याही हाताला पान्हा सोडायची. शिलाईकाकूंच्या, बाबांच्या, रस्त्यानं जाणाऱ्या कुणाच्याही. पण बाबांना गाईपासून मला तोडवत नाही, असं खरं सांगितलं असतं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता. आई आणि बहिणींना काय खायला घातलं असतं मग? म्हणून गाईवर ढकललं.

आणि त्याला ते ठाऊक होतं, पोरींनो. दीड वर्ष दर खेपेला त्यानंच तर तिच्या चारही सडांतून धारा काढल्या होत्या – त्या काळ्या वाटीत. एकदाही बाईसाहेबांनी पाय उचलला नव्हता.