जुळ्या करडांची नोंद

वंशनोंदणीचे तळेकर साहेब येणार म्हणून वैजयंता शिनगारेने सकाळीच गोठा लख्ख झाडला होता. परांड्याजवळच्या माळावर शेळ्या पाळायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. त्याआधी ती दूध संकलन केंद्रावर दूध तपासायची. तिची ही पहिलीच नोंद, आणि ती दहादा वाटेकडे बघून आली होती.

कारणही तसंच होतं. फुफ्फुसाच्या रोगाच्या साथीत उस्मानाबादी शेळ्यांचे कळपच्या कळप मेले. उरलेली जात अस्सल राहावी म्हणून कायदा आला: प्रत्येक करडाचं वंशवाचन करायचं, आणि जे संकर निघेल त्याची वीण कायमची बंद. वैजयंताने विकत घेतलेली काळी शेळी त्या साथीत साधी खोकलीही नव्हती. पण विताना ती मेली आणि मागे जुळं ठेवून गेली, एक बोकड नि एक पाट, म्हणजे मादी करडू. साथीला दाद न देणारं रक्त आता या दोघांतच उरलं होतं. पाटीला वर्षाला चार पिलं होतील, बोकडाला शेकड्यांनी. वैजयंताची सगळी मदार बोकडावर होती.

तळेकरांनी बोकडाच्या तोंडात बोळा फिरवला, लाळेने भिजलेला तो बोळा वंशवाचकात सरकवला आणि यंत्राची पकड त्याच्या कानाला लावली. वाचन झालं की बिल्ला आपोआप बसतो. अस्सलाला हिरवा, संकराला लाल. लाल बिल्ल्याच्या काट्यात वीण बंद करणारं औषध असतं. मधे कुणी लबाडी करू नये म्हणून माणसाला त्यात हात घालायला जागाच ठेवलेली नाही.

खट् झालं. बिल्ला लाल होता.

"साहेब, चुकलंय कायतरी," वैजयंता म्हणाली. "परत वाचा की."

"एका करडाला एकच वाचन, ताई. आणि औषध तर गेलं आत."

तिला रडू फुटलं. तळेकरांनी असं रडणं पुष्कळ पाहिलं होतं. त्यांनी गव्हाणीमागे लपलेली पाट ओढून काढली, तिच्याही तोंडात नवा बोळा फिरवला आणि पकड लावली. बिल्ला हिरवा बसला. नव्याण्णव टक्के अस्सल.

"जुळी हायेत ती. एका पोटची."

"बाप दोन असतात कधीकधी."

"तुमच्याच केंद्रावर रेतन केलंय. वीर्याची एकच नळी, एकच बाप."

वैजयंताने डोळे पुसून बोकडाचं तोंड वर केलं. ओठांना दुधाचा फेस होता.

"मघाशी भुरीला लावलं होतं याला," ती सावकाश म्हणाली. भुरी म्हणजे तिची मिश्र जातीची शेळी, या पोरक्यांची दूधआई. "पाट पळाली, ती उपाशीच राह्यली. साहेब, दुधात शेळीच्या पेशी उतरतात. त्या मोजूनच आम्ही दूध केंद्रावर कासदाह वळखायचो. तुमच्या बोळ्यावर भुरी आली. यंत्रानं दोघांला मिळून एक जनावर धरलं."

"मग आधी पाजलं कशाला?"

"तुमचाच निरोप व्हता की. करडं पाजून ठेवा, म्हंजी वरडत न्हाईत."

तो निरोप तळेकर स्वतः पाठवत. तीन वर्षं, सगळ्या तालुक्याला. साथीने शेळ्या नेल्या आणि त्यांची करडं गोठ्यागोठ्यांत परक्या जातीच्या शेळ्यांच्या दुधावर वाढली. तळेकरांनी अशा किती कानांत लाल बिल्ले मारले होते, ते त्यांचं त्यांनाच आठवेना. ते पालथ्या घमेल्यावर बसले.

खिशातला फोन वाजला. पलीकडे पुढच्या वस्तीवरचा म्हातारा मोठ्याने विचारत होता, "साहेब, निघाला का? करडं पाजू का आता?"

तळेकरांनी फोनवर हात ठेवला आणि वैजयंताकडे पाहिलं. तिने बोकडाला छातीशी धरलं होतं.

"सांगा की, उपाशी ठेवा म्हणून," ती म्हणाली. "मग ते इचारतील, आजवर का न्हाई सांगितलं. त्याला काय सांगाल?"