देवगाव फाट्यावरची टेप

देवगाव फाट्यावरच्या कारखान्यात येलदरीच्या वीजघराचा शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, लेथवर कातताना वाया गेला होता. गुळगुळीत पोलादावर हा एवढा खोल चर! कारखान्याचे मालक अनंतराव फौजदाराला बोलवायला निघाले होते.

"उद्धवचंच काम हाय. आज बेड्याच घालतो त्याला!"

"मालक, लेकरांची शपथ, मी जेवायला गेलतो," मशीनवरचा उद्धव कळवळला.

परभणीहून इंजिनिअर हेमाबाई तातडीनं आल्या. लेथचा आवाज टिपणारं यंत्र त्यांनीच बसवलं होतं. पोलाद कातणाऱ्या हत्याराशेजारी लोखंडाला ग्रीस लावून चिकटवलेली डबी, तिला जोडलेला काटा आणि आवाज भरून घेणारी टेप. हत्यार मोडलं की काटा उडायचा.

"खोटारड्या!" फोरमन दिनकरराव डबीपाशीच उद्धववर बोंबलले. काटा जागचा हलला नाही. हेमाबाईंनी लोखंडावर नख ओढलं. काटा थरथरला.

नामांतराच्या दंगलीपासून दिनकरराव उद्धवच्या हातचं पाणी पीत नव्हते. काय बोलावं असल्या माणसाला! त्यात आता मालक फोरमनची जागा उद्धवला देणार होते.

"टेप कुणी काढली?" हेमाबाईंनी विचारलं.

"मीच. तुमच्याच यंत्रातून," दिनकरराव म्हणाले.

"आणखी कुणी हात लावला?"

"कुणाची छाती हाय?"

टेप लागली. करकर, खाडकन मोडल्याचा आवाज, आणि लांबून एसटीचा भोंगा.

"ऐका!" दिनकरराव म्हणाले. "सकाळची जिंतूर गाडी. तवा मशीनवर उद्धवच होता."

"भोंगा नीट ऐकू आला तुम्हाला?"

"बहिऱ्यालाबी येईल, बाई."

"मग तुम्हीच फसलात, दिनकरराव. ही डबी हवेतलं ऐकत नाही, फक्त लोखंडातली थरथर ऐकते. मघाशी तुम्ही तिच्यापाशी ओरडलात, काटा हलला? मग रस्त्यावरचा भोंगा तिला कसा ऐकू आला? आधीच एका सकाळी तुम्ही साधा टेपरेकॉर्डर ठेवून भंगारावर हत्यार मोडलंत. आज उद्धव जेवायला गेल्यावर शाफ्ट बिघडवलात आणि खरी टेप काढून ही पुढं केलीत. दुसऱ्या कुणी हात लावला नाही, हे तुमचंच बोलणं."

दिनकररावांनी उद्धवकडं बोट रोखलं.

"मग काय त्याच्या हाताखाली काम करू? त्याच्या?"

अनंतराव घसा खाकरत म्हणाले, "उद्धव, झालं गेलं गंगेला मिळालं. मशीन चालू कर."

"आसं कसं, मालक? बेड्या सगळ्यांदेखत घालायला निघालता. माफीबी सगळ्यांदेखतच मागा."

अनंतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. एकही माणूस कामाला हलला नाही. शेवटी त्यांनी उद्धवपुढं हात जोडले.